पॉइंट बासष्टचा गुडघा

सूतभरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कारखान्यात होता तेव्हा सहाच्या पाळीला पोचायचं म्हणून उठावं लागे. निवृत्त झाल्यावर पाळी गेली, साडेचार राहिले. डोळे उघडत, पाय जमिनीला लागत, आणि ‘आता काय?’ हा प्रश्न चहा उकळेपर्यंत त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राही.

सूतभर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो लेथवर टर्नर होता. फिरत्या गजाला हत्यार लावायचं, नको तेवढा धातू कातून काढायचा, हवा तेवढा ठेवायचा, एवढंच काम. पण त्यातच सगळं आयुष्य गेलं. एखाद्या नवशिक्यानं केलेला तुकडा हातात आला, की कॅलिपर लावण्याआधीच हा म्हणायचा, “सूतभर कमी आहे.” सूत हे खरं तर सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग. लेथवर एवढी चूक म्हणजे तुकडा थेट भंगारात. पण शब्द तोंडात बसला तो बसला, आणि लोकांनी उचलून त्यालाच चिकटवला.

घरीही तेच. भाजीत मीठ सूतभर कमी. पडदा सूतभर खाली. लेकीचे गणितातले मार्क सूतभर कमी. एकदा बायको वैतागून म्हणाली, “माझ्यात काय कमी आहे तेही सांगून टाका.”

“ऐकून घ्यायची सवय,” तो म्हणाला. “जास्त नाही, सूतभर.”

त्या दिवशी जेवण बरंच उशिरा मिळालं आणि त्यात मीठ अजिबात नव्हतं.

तर अशा माणसाच्या बायकोचा उजवा गुडघा झिजला. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती; मशीनचं पायटं दाबून दाबून वाटीची पार चाळण झाली, असं डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. जुना गुडघा काढून नवा बसवायचा ठरला. डॉक्टरांनी नव्या गुडघ्याचा नमुना टेबलावर ठेवला तेव्हा सूतभर पहिल्यांदा खुर्चीच्या कडेवर आला. त्यानं तो हातात घेतला, अंगठा फिरवला, उजेडात तिरका धरला.

“फिनिशिंग चांगलं आहे,” तो म्हणाला. “माप किती पुढेमागे चालतं याच्यात?”

“ते आम्ही बघतो,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, खाली ठेवा ते,” बायको म्हणाली. “दुकानात आलोय का आपण?”

ऑपरेशन नीट झालं. खरी परीक्षा पुढे होती. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की आता सगळं व्यायामावर आहे. पुढच्या तपासणीपर्यंत गुडघा निदान काटकोनात वाकला पाहिजे. नाही वाकला, तर पुन्हा भूल देऊन तो जोर लावून वाकवावा लागेल.

भुलीचं नाव काढताच बायकोचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या भुलीतून उठताना तिला बराच वेळ लेकीचं नाव आठवलं नव्हतं. लेक समोर उभी होती आणि ही तिच्याकडे परक्यासारखी बघत होती. “परत नाही हो ते,” ती रिक्षात म्हणाली. “पाय मोडला तरी चालेल, पण मला परत तसं झोपवू नका.”

“नाही झोपवणार,” सूतभर म्हणाला. “व्यायाम माझ्याकडे लागला.”

त्या वाक्यात नवऱ्याची माया होती, हे खरं. पण थोडासा सुपरवायझरही होता. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हाताखाली कुणीच नव्हतं.

व्यायामाचा व्हिडिओ हॉस्पिटलनं लेकीच्या फोनवर पाठवला होता. लेक दुसऱ्या गावी कुठल्याशा कंपनीत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळते. घरी एक जुना कॉम्प्युटर पडून होता. सुट्टीच्या दिवशी येऊन तिनं त्यावर लिनक्स टाकलं, व्हिडिओ त्यात उतरवला आणि लावून बघितला. चित्र धापा टाकत पुढे सरकायचं. बाईचा पाय वर, आवाज मात्र केव्हाच खाली.

“जुनं मशीन आहे, बाबा. त्याला झेपत नाही,” ती म्हणाली. “थांबा, हलका प्लेअर टाकते. एमपीव्ही म्हणतात त्याला. पण याला बटणं नाहीत हं. ही काळी खिडकी उघडायची, याला टर्मिनल म्हणायचं. इथं एमपीव्ही लिहायचं, एक जागा सोडायची, फाइलचं नाव लिहायचं, एंटर.”

“बटणं नाहीत?”

“एकही नाही. सगळं कीबोर्डवरून. स्पेस दाबली की थांबतं, परत दाबली की चालतं. हा खालचा बाण, एक मिनिट मागे. हा चौकोनी कंस दाबला की वेग कमी होतो, पलीकडचा दाबला की वाढतो. बंद करताना मोठा क्यू दाबा, म्हणजे शिफ्ट धरून. मग ते कुठपर्यंत आलो होतो ते लक्षात ठेवतं. आणि त्याबरोबर—”

“पुरे,” सूतभर म्हणाला. “समजलं.”

त्याला ते मनापासून आवडलं होतं. माऊस घेऊन पडद्यावर बाण शोधत हिंडणं हे त्याच्या मते काम नव्हतं, फेरफटका होता. इथे हुकूम लिहा, एंटर मारा, काम चालू. हात जागच्या जागी. त्यानं आयुष्यभर हेच शिकवलं होतं: चांगल्या कामगाराला हत्याराकडे बघावं लागत नाही, नजर कामावर असते.

पुढे जे काही झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

लेक गेल्यावर पहिल्या सकाळी त्यानं चटई घातली, उशी ठेवली, बायकोला धरून निजवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसला. फाइलचं नाव त्यानं रात्रीच स्वतःला समजेल असं बदलून ठेवलं होतं: ‘गुडघा’, मग जागा सोडून ‘उजवा’. हुकूम लिहिला. एंटर. कॉम्प्युटरनं कळवलं की अशी फाइलच नाही. परत लिहिलं. परत नाही.

“काय म्हणतंय?” बायकोनं चटईवरून विचारलं.

“गुडघा नाही म्हणतंय.”

“मग हा दुखतोय तो कुणाचा?”

लेकीला फोन लागला. नावात मध्ये जागा सोडली की कॉम्प्युटर त्याला दोन वेगळ्या फाइली समजतो, असं कळलं. सूतभरनं उजवा काढून टाकला. डाव्याला तसाही व्यायाम नव्हता.

मग पडद्यावर निळ्या सदऱ्यातली एक तरुण ताई आली. हॉस्पिटलातली व्यायाम शिकवणारी. हसली, झोपली, पाय सरळ वर उचलला. “असाच धरून ठेवा. मी दहापर्यंत मोजते. एक, दोन, तीन...”

बायकोनं पाय उचलला. टाके ताजे होते. तोंडातून हुंकार निघाला. “अहो, घाई करतेय ती. दोनदा पाय उचलण्याच्या मध्ये दम घ्यायलासुद्धा वेळ नाही.”

नजर बायकोच्या गुडघ्यावर ठेवूनच सूतभरनं चौकोनी कंस एकदा दाबला. पडद्यावर क्षणभर काहीतरी उमटलं आणि गेलं. बघायला तिकडे होतंच कोण? ताईचा आवाज तसाच राहिला, गोड आणि स्वच्छ. बोलणं जरासं निवांत झालं. दोन व्यायामांच्या मधली विश्रांती लांबली. बायकोनं श्वास सोडला.

“आता बरं,” ती म्हणाली. विश्रांतीबरोबर पाय वर धरून ठेवायचा वेळही तेवढाच लांबला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. व्यायाम संपत आला तसा सूतभरनं शिफ्ट धरून क्यू दाबला.

व्हिडिओची खिडकी मिटली. मागच्या काळ्या खिडकीत एक ओळ उरली होती. झालेली मिनिटं, एकूण मिनिटं, टक्के, त्यापुढे एक्स आणि पॉइंट एक्क्याण्णव, आणि शेवटी नुसती शून्यं.

सूतभर त्या ओळीसमोर बसला आणि त्यानं सुतावरून थेट स्वर्ग गाठला. टक्के म्हणजे किती झालं, हे उघड होतं. मग त्याच्या शेजारचा आकडा म्हणजे किती उरलं. लेथवर असंच असतं. कापत जायचं, मोजत जायचं, आकडा खाली यायला लागला की समजायचं, माप जवळ आलं. शेवटची शून्यं म्हणजे मशीनची चूक. ती काहीच नाही, म्हणजे लेकीनं काम चोख केलंय. ‘किती उरलं’ म्हणजे कशाचं, आणि कॉम्प्युटरला गुडघा दिसतो तरी कुठून, हा प्रश्न त्याला पडला नाही. मापं वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला असले प्रश्न पडत नसतात.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम सुरू झाला. दर वेळी तो खालच्या बाणानं मागे जाई, ताई पहिल्यापासून सुरू करी. कधी बायको कळवळून म्हणे, “झेपत नाही हो, जरा दमानं घ्या.” मग तो दयेपोटी कंस एकदा दाबी. फक्त त्या वेळेपुरता, असं त्याला वाटे. मोठा क्यू जागा लक्षात ठेवतो, हे लेकीनं सांगितलं होतं. वेग तो कशाला लक्षात ठेवील?

लेथवर असं कुणी केलं असतं तर यानंच त्याला फाडून खाल्लं असतं. सकाळी मशीन चालू करण्याआधी पहिली नजर गिअरवर, कारण कालच्या पाळीवाल्यानं कुठल्या वेगावर सोडलंय कोण जाणे, हे तो नव्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगे. पण हा पडला कॉम्प्युटर. तो हुशार. तो रात्रीतून आपोआप जागेवर येत असणार.

आकडा पॉइंट त्र्याऐंशीवर आला. मग पंचाहत्तरवर.

“उतरतंय,” सूतभर खुशीत म्हणाला. “पंचाहत्तर झालं. माप जवळ येतंय.”

“कसलं माप?”

“गुडघ्याचं. कॉम्प्युटरवर येतं ते.”

बायकोनं गुडघ्याकडे बघितलं. तो तिला काही जवळ येताना दिसत नव्हता. “मला तर जड झालाय. कालच्यापेक्षा सुजलाय पण.”

“काम केलं की अंग भरून येतं. त्याला सूज नाही म्हणत.”

“आणि ही ताई बघा. रोज आणखी हळू बोलते. कंटाळली असेल आपल्याला.”

“संयम म्हणतात त्याला. शीक काहीतरी तिच्याकडून. पाय वर घे. सूतभर खाली आलाय.”

दात ओठ खात ती पाय वर घेई. ताई पडद्यावरून अत्यंत प्रेमानं म्हणे, “चा...र,” आणि पाच यायच्या आत बायको नवऱ्याचा, कारखान्याचा आणि ज्यानं लेथ शोधून काढलं त्याचा उद्धार करून मोकळी होई.

आणखी एक गोष्ट सूतभरच्या ध्यानात आली. व्यायाम संपायला भिंतीवरच्या घड्याळात रोज जास्त वेळ लागत होता. त्यानं यावर नीट विचार केला. व्हिडिओ तोच, व्यायाम तेच, ताई तीच. मग चुकतंय कोण? घड्याळ. ते पुढे पळतंय. तो स्टुलावर चढला, घड्याळ उतरवलं, नवा सेल टाकला, आत फुंकर मारली आणि वेळ लावून परत टांगलं. बायको चटईवरून बघत होती.

“कशाला चढताय? पडाल. मग तुमच्यासाठी कुठली ताई लावू?”

“घड्याळ बरोबर नको?”

“घड्याळ कालपर्यंत बरोबर होतं.”

“तेच तर,” सूतभर म्हणाला, पण म्हणजे काय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तपासणीच्या दिवशी आकडा पॉइंट बासष्टवर होता. वॉकर, नवऱ्याचा खांदा आणि जिन्याचा कठडा अशा तिघांच्या आधारानं बायको खाली उतरली. सूतभरची मान मात्र ताठ होती. त्याच्या हिशेबानं काम जवळजवळ पुरं झालं होतं. राहिलं होतं ते फक्त डॉक्टरांना दाखवणं.

हॉस्पिटलात व्यायामाच्या खोलीत गेले तर समोर निळा सदरा. साक्षात ताई. बायकोचा चेहरा खुलला, जवळचं माणूस भेटल्यासारखा. ताईनं हात धरून तिला पलंगावर बसवलं आणि बोलायला लागली.

“या काकू बसा अशा पाय सोडा कशा आहात झोप लागते का दुखतं का रात्री गोळ्या चालू आहेत ना काका तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा.”

दोघं नवरा-बायको तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. बायको हळूच नवऱ्याच्या कानाशी झुकली. “ही ती नव्हे.”

“तीच आहे. सदरा तोच आहे.”

“मग धाकटी बहीण असेल. ती किती शांत आहे.”

ताईनं गुडघा दोन्ही हातांनी दाबून बघितला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. “सूज का आहे एवढी? व्यायाम करता ना रोज?”

“दोन वेळा,” सूतभर खुर्चीवरूनच म्हणाला. “एकदाही चुकवला नाही. माझी देखरेख आहे.”

“करून दाखवा बघू काकू. पाय सरळ वर. मी मोजते. एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा. ठेवा खाली.”

बायकोचा पाय वरच राहिला. ती वाट बघत होती.

“ठेवा, काकू. झालं.”

“झालं?”

“हो, दहा झाले.”

“एवढंच?”

बायकोनं पाय खाली ठेवला. मग मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतक्या सावकाश तिनं त्याच्याकडे कधीच बघितलं नव्हतं. हे बघणंसुद्धा पॉइंट बासष्टच्या वेगानं होतं.

“घरी कसं मोजता?” ताईनं विचारलं.

“तुम्हीच मोजता,” सूतभर म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. “व्हिडिओत.”

“करून दाखवा.”

तो त्या ताईच्याच सुरात मोजायला लागला. “ए...क. दो...न.” तीन म्हणायच्या आधीच ताईनं तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलत होते.

“काका, वेग कमी करून ठेवलाय तुम्ही! एवढा वेळ पाय धरला तर चांगला माणूसही लंगडेल.”

“पण आवाज तर तसाच येतो,” तो म्हणाला. “रेकॉर्ड हळू फिरली की आवाज जाडा होतो. हा झाला नाही.”

“आता नाही होत. ते कॉम्प्युटर सांभाळून घेतो.”

“आणि तो आकडा? पॉइंट बासष्ट? तो उरलेला गुडघा नव्हे?”

ताईला कसला आकडा ते कळेना. त्यानं सांगितलं. मग मात्र ती पलंगाच्या कडेवर बसलीच. “तो वेग असणार, काका. रोज तुमच्या डोळ्यांसमोर लिहून येत होता.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा रोज दोन वेळा स्वतःहून पडद्यावर येऊन ‘मी कळसा’ म्हणत होता, आणि हा गृहस्थ स्टुलावर चढून घड्याळ दुरुस्त करत होता.

हसणं तिथेच थांबलं, कारण ताईनं कोन मोजायची पट्टी काढून गुडघ्याला लावली. सुजलेला गुडघा वाकत नाही. काटकोनाच्या अलीकडेच तो अडला. फार नव्हे, थोडासाच. किती ते सूतभरच्या अगदी जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द गिळला.

डॉक्टरांनी येऊन बघितलं. दोन दिवस पूर्ण विश्रांती, बर्फ, मग व्यायाम ठरलेल्या वेगानं. एक आठवडा वाट बघू. तेवढ्यात वाकला तर ठीक, नाहीतर भूल.

परत येताना रिक्षात बायको तोंड फिरवून बाहेर बघत बसली. सूतभरला ओरडा चालला असता. जिना चढताना तो तिच्या मागे राहिला आणि प्रत्येक पायरीला त्याला वाटत गेलं, की तिनं ‘परत झोपवू नका’ म्हटलं तेव्हा आपण केवढ्या रुबाबात ‘नाही’ म्हणालो होतो. लोकांना अक्कल वाटायला निघालेल्याचं स्वतःचं भांडं असं उपडं पडलं होतं.

घरी आल्यावर त्यानं लेकीला फोन केला. ती आधी हसली, मग आईच्या भुलीचं ऐकताच तिचं हसू थांबलं.

“मोठा क्यू वेगही लक्षात ठेवतो, बाबा.”

“मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“सांगतच होते. तुम्ही म्हणालात, पुरे, समजलं.”

लेकीनं सांगितलं, की बॅकस्पेस दाबली की वेग मूळ जागी येतो. या वेळी त्यानं तिला शेवटच्या शब्दापर्यंत बोलू दिलं आणि वर विचारलं, “आणखी काही आहे?” बापाच्या तोंडून हे वाक्य लेकीनं आजवर ऐकलं नव्हतं.

दोन दिवस त्यानं बर्फाच्या पिशव्या बदलल्या. तिसऱ्या सकाळी बायको म्हणाली, “चटई घाला.”

त्यानं घातली. उशी ठेवली. तिला धरायला हात पुढे केला.

“मला नाही. तुम्हाला.”

“मला कशाला?”

“आडवे व्हा.”

ती वॉकर घेऊन कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं हुकूम लिहिला, जागा सोडली, गुडघा लिहिला, एंटर मारला. तिनं हे कधी शिकून घेतलं, ते त्याला कळलंच नाही. चटईवर पडल्या पडल्या माणूस बरंच काही बघत असतो.

“पॉइंट बासष्टच आहे ना?” तिनं विचारलं. “वाचा बघू.”

“तेच आहे,” त्यानं चटईवरून मान वर करून वाचलं. “बॅकस्पेस दाब की.”

“दाबते. आधी पाय वर.”

सूतभरनं पाय वर केला. पहिल्या अंकाला त्याला वाटलं, यात काय एवढं. मग दोनची वाट बघणं सुरू झालं. एक आणि दोन यांच्यामध्ये एवढी जागा असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथे एखाद्या कुटुंबाचं बिऱ्हाड सुखानं मावलं असतं. तीनला मांडी थरथरायला लागली. चारला त्याला आपल्या हाताखालून गेलेले सगळे नवशिके आठवले. ताई पडद्यावरून माऊलीसारखी हसत होती. पाच काही केल्या येईना.

“सूतभर खाली आलाय,” बायको म्हणाली.

“अगं, माझा गुडघा तरी जुना आहे. तुझा तर नवाकोरा.”

“बोलू नका. दम जातो.”

सहाला पाय धाडकन चटईवर पडला. तो छताकडे बघत तसाच पडून राहिला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, “रोज एवढं करत होतीस?”

“दोन वेळा.”

“मग बोलायचं नाहीस का?”

“रोज बोलत होते. मी बोलले की तुम्ही ते आणखी हळू करत होता.”

तो पडल्या पडल्याच हसायला लागला. आधी पोट हललं, मग खांदे, मग खोकला आला. बायको तोंड घट्ट मिटून बसली होती, पण तिलाही फार वेळ जमलं नाही. हसता हसता तिनं पलीकडचा कंस दोन-चारदा जास्तच दाबला. ताई चिमणीसारखी चिवचिवत दहाच्या पलीकडे निघून गेली.

“बॅकस्पेस!” सूतभर ओरडला.

“माहिती आहे. ओरडू नका.”

मग तिनं बॅकस्पेस दाबली आणि ती चटईवर आली, तो खुर्चीवर गेला. मात्र कीबोर्ड तिच्या हाताशी, उशीजवळ राहिला. वायर तेवढी लांब होती. सूतभरकडे दोनच कामं उरली. व्यायामाआधी काळ्या खिडकीतली ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची, एक्सचा आकडा दिसत नाही याची खात्री करायची. वेग बरोबर असला की तो आकडा येतच नाही, हे लेकीनं सांगितलं होतं. आणि व्यायाम झाला की बर्फ आणायचा. मोजायचं ताईनं, करायचं बायकोनं.

“आकडा नाही,” तो रोज सांगे.

“नक्की? घड्याळ बघायचं का एकदा?” ती विचारी, आणि तो मुकाट बर्फ आणायला जाई.

आठवड्यानं परत त्याच खोलीत तीच पट्टी निघाली. बायकोनं पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सूतभर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत उभा राहिला. बघायचा धीर नव्हता. पहिल्यांदाच एखादं माप त्याला स्वतः घ्यावंसं वाटत नव्हतं.

“काका बघा इकडे,” ताई म्हणाली. “काटकोन झाला. वर थोडं आलंय.”

त्यानं वळून पट्टी बघितली आणि तोंड उघडलं.

“सूतभर जास्त आहे म्हणायचंय त्यांना,” बायकोनं ताईला सांगितलं. कड सोडून तिनं डोळे पुसले. “भूल नाही ना आता?”

“कसली भूल काकू जा घरी जिने चढा-उतरा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सूतभर उठला, तर शेजारची जागा रिकामी होती. बायको दारात चपला घालत होती. वॉकर भिंतीला टेकवून ठेवलेला.

“कुठे निघालीस?”

“खाली. दूध आणते. तुम्ही वरूनच बघा. सूचना द्यायची नाही.”

तो कठड्याशी येऊन उभा राहिला. तोंडाशी पुष्कळ काही आलं: कठडा धर, उजवा आधी, घाई नको. सगळं परत आत ढकललं. ती एक पायरी उतरली, मग दुसरी. दोन पायांचे आवाज एकसारखे येत होते. कुठला नवा आणि कुठला जुना, ते कान लावूनही ओळखू येईना.

त्यानं आयुष्यभर धातू कातला. पंपांचे दांडे, चाकांचे आस, कुणाकुणाच्या यंत्रांचे सुटे भाग. सगळं लोकांच्या दारात गेलं. एवढ्या वर्षांच्या मजुरीच्या पैशांतून त्याच्या स्वतःच्या घरात मापात बसणारा, गुळगुळीत केलेला असा एकच तुकडा आला होता, आणि तो आता बायकोच्या कातडीखाली, कुणाचाही आधार न घेता, दूध आणायला जिना उतरत होता.